टॅब सिमवाला घ्यायचा की नुसता वायफायचा?

आई-बाबा इकडे जर्मनीत यायचे ठरले की बहुतेक घरांत हा प्रश्न निघतो. त्यांच्यासाठी टॅब घेऊन ठेवायचाय, पण सिमवाला की नुसता वायफायचा? आयपॅडच्या दोन प्रकारांत इथे दीडशे युरोंहून जास्त फरक पडतो. शिवाय सिम नंतर बसवून मिळत नाही, त्यामुळे काय ते आधीच ठरवावं लागतं.

माझं मत असं, की टॅब कोणाच्या हातात राहणार ते आधी बघा. ज्याच्या खिशात इथला चालू नंबर आहे, त्याने वायफायवाला घ्यावा आणि लागेल तेव्हा फोनचा हॉटस्पॉट लावावा. रोज रेल्वेने जाणाऱ्यांना वाटतं, टॅबमध्ये सिम असलं की वाटेत नेट चांगलं मिळेल. ते काही खरं नाही. टॅबलाही फोनसारखे तेच टॉवर मिळतात, आणि गाडीच्या काचांवर धातूचा पातळ थर असेल तर सिग्नल आत येताना आणखी कमी होतो. त्यापेक्षा आयसीई या इथल्या वेगवान रेल्वेगाडीतलं फुकट वायफाय बरं, कारण ते टपावरच्या अँटेनातून एकाहून जास्त कंपन्यांचं नेटवर्क घेतं.

आई-बाबांचं मात्र वेगळं आहे. नव्वद दिवसांच्या व्हिसावर आलेल्या माणसाकडे इथला नंबर नसतो. प्रीपेड सिम घ्यायचं तर 2017 पासून पासपोर्ट दाखवून ओळख पटवावीच लागते. 'तिकडे तर सगळीकडे फुकट वायफाय असेल' असं गावाकडे अनेकांना वाटतं. पण उघड्या वायफायवरून कोणी बेकायदा काही डाउनलोड केलं, तर त्याची जबाबदारी वायफाय देणाऱ्यावर येईल, ही भीती इथे वर्षानुवर्षं होती. कायदा 2017 मध्ये बदलला, पण त्याआधी कॅफेवाले वायफाय द्यायला कचरत. आता मिळतं, पण बऱ्याचदा आधी जर्मनमधलं एक पान उघडतं, अटी मान्य करायला लागतात, आणि आई तिथेच थांबते.

आमच्याकडे बाबांना सकाळी एकट्याने फिरायची सवय. फ्रायबुर्गमध्ये आमच्या घरापासून ट्रामने सीपार्कला जायचं, तळ्याकाठी बाकावर बसून ई-पेपर वाचायचा. ट्राममध्ये ते टॅब मांडीवर ठेवून नकाशातला निळा ठिपका बघत बसायचे आणि बरोबर थांब्यावर उतरायचे. हा ठिपका महत्त्वाचा आहे. ॲपलच्या नुसत्या वायफायवाल्या टॅबमध्ये जीपीएसच नसतं, आजूबाजूच्या वायफायवरून तो जागेचा अंदाज बांधतो. सिमवाल्यात जीपीएस असतं आणि नकाशा आधी उतरवून ठेवला तर सिम न घालताही चालतं. श्वार्त्सवाल्डच्या जंगलात फिरताना हा फरक चांगलाच कळतो. ॲन्ड्रॉइडवाल्यांनी मात्र मॉडेल तपासावं, तिथे वायफायवाल्या अनेक टॅबमध्येही जीपीएस असतं. मला विचाराल तर वडीलधाऱ्यांसाठी एवढ्या एका गोष्टीकरताही जास्तीचे पैसे द्यावेत.

सिमसाठी मी माझ्याच प्लॅनवर दुसरं ई-सिम (कार्ड न घालता चालणारं सिम) घेतलं, डेटा माझा फोन आणि टॅब या दोघांत वाटला जातो. पण त्यामुळे टॅब हातात देण्याआधी थोडी तयारी लागते. अपडेट आणि फोटोंचा बॅकअप फक्त वायफायवर ठेवा, लो डेटा मोड (डेटा कमी वापरायची सेटिंग) सुरू करा. नाहीतर आईने मावशीला व्हिडिओ कॉल लावला की महिन्याचा कोटा भराभर संपतो.

आणि एक. फ्रायबुर्गहून लोक पाहुण्यांना सहज एका दिवसात कोलमारला किंवा बाझेलला नेतात. कोलमार फ्रान्समध्ये, तिथे 2017 पासूनच्या युरोपीय नियमामुळे आपलाच प्लॅन चालतो. बाझेल स्वित्झर्लंडमध्ये, तो देश युरोपीय संघात नाही. तुमच्या प्लॅनमध्ये स्वित्झर्लंड आहे का ते बघा, नसेल तर गाडीत बसण्याआधीच टॅबचं रोमिंग बंद करा.