वॉटर पंपाचे बारीक छिद्र

ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यावर गायमुखचा चढ लागला की माझ्या जुन्या डिझेल फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीचा तापमानाचा काटा वर सरकू लागे. कूलंट (इंजिन थंड ठेवणारे द्रव) सतत कमी होई, पण गाडीखाली थेंबही दिसत नसे. अशी गळती थंड इंजिनावरच शोधावी, कारण तापलेल्या इंजिनावर ओघळलेला कूलंट जमिनीवर पडण्याआधीच वाळून जातो.

माजिवड्याच्या मेकॅनिकने रेडिएटरच्या तोंडाला हातपंपाचा प्रेशर टेस्टर लावून झाकणावर लिहिलेल्या ०.९ बारइतका दाब दिला. टेस्टरचा काटा हळूहळू उतरला आणि टॉर्चच्या उजेडात, कूलंट फिरवणाऱ्या वॉटर पंपाच्या खालच्या बारीक छिद्रापाशी हिरवट-पांढरी खपली दिसली. ते छिद्र मुद्दाम ठेवलेले असते. आतले सील झिजले की कूलंट बेअरिंगमध्ये न शिरता तेथून बाहेर पडावा, हा त्याचा हेतू. त्यामुळे ते एम-सीलने बुजवण्याचा शेजाऱ्यांचा सल्ला (सोसायटीत असे सल्ले फुकट मिळतात) मी मानला नाही.

पंप आणि गॅस्केट नवे बसवले. कूलंट व डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे भरले, आणि हीटर पूर्ण चालू ठेवून बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.