आमची वाटचाल : ताडपत्रीपासून शिडापर्यंत

पुण्यात शिडं शिवतो म्हटलं की समोरचा आधी हसतो आणि मग विचारतो, "समुद्र कुठंय हो इथं?" प्रश्न रास्त आहे. वडिलांनी नाना पेठेत दुकान टाकलं ते ताडपत्रीचं. ट्रकची आच्छादनं, गणपतीच्या मांडवाचे पडदे आणि वारीला निघणाऱ्या दिंड्यांच्या राहुट्या. घर आजही राहुट्यांवरच चालतं, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे उगाच कुणाचा गैरसमज नको.

शीड दुकानात आलं ते खडकवासल्यामुळे. धरणाच्या पाण्यावर शिडाच्या बोटी नव्या नाहीत. एनडीएचे कॅडेट तिथं 'पीकॉक बे' या धरणाच्या भागात नौकानयन शिकतात, आणि थोडीफार हौशी मंडळीही आहेत. त्यांच्यातलेच एक निवृत्त इंजिनिअर काका फाटलेलं शीड काखोटीला मारून आले. आमच्या शिलाईमामांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि पहिलीच शंका काढली: टाका सरळ का नाही? शिडाच्या कापडावर ताण आला की ते किंचित सरकतं, आणि सरळ टाका तेवढ्यात तुटतो. नागमोडी टाका त्या ताणाबरोबर लांबतो. झिगझॅग मशीन आम्ही त्यानंतर घेतलं.

दुसरी गोष्ट पचायला जास्त वेळ लागला. ताडपत्रीवाल्याचा सगळा जन्म कापड सपाट आणि ताठ ठेवण्यात जातो. शिडाला मात्र पोट लागतं. पॉलिस्टरच्या पट्ट्या जोडताना एका पट्टीची कड काही मिलिमीटर बाकदार कापायची आणि ती शेजारच्या सरळ कडेला शिवायची, की आपोआप फुगवटा येतो. मामा म्हणाले, "हा तर ब्लाऊजचा टक्स झाला." मग त्यांना काही शिकवावं लागलं नाही. जागा मात्र अपुरी पडायला लागली, कारण शीड जमिनीवर पुरतं पसरल्याशिवाय आखता येत नाही. म्हणून धायरीला शेड घेतली.

पुढे त्याच काकांनी घरामागे प्लायवूडची 19 फुटी बोट बांधली आणि शिडाची ऑर्डर देताना अट घातली: रत्नागिरीहून विजयदुर्गला ही बोट नेईन तेव्हा शीड शिवणारा बोटीत हवा. मामांनी हात जोडले. म्हणून मी गेलो. सोबत रत्नागिरीचा एक खलाशी होता.

अंतर साधारण 26 सागरी मैल, म्हणजे 48 किलोमीटरच्या आसपास. हिवाळ्यात ही वाट दक्षिणेकडे जाणाऱ्याला सोयीची पडते. रात्री जमीन गार होते आणि पहाटे तिच्यावरून समुद्राकडे मतलई वारा सुटतो. ऊन चढलं की तो मरतो आणि मधला काही वेळ सगळं ठप्प. मग जमीन तापते आणि दुपारी समुद्रावरून खारा वारा येतो. या दिवसांत तो बहुतेक वायव्येचा, म्हणजे आपल्या पाठीवरचा. या हिशेबाने रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरातून अंधारातच निघालो. काकांनी बंदर कार्यालयात आधी कळवून ठेवलं होतं.

पूर्णगडच्या पुढे वारा पडला. बोट डुलत राहिली आणि शीड डोलकाठीच्या तारांवर एकसारखं आपटत, घासत राहिलं. शिलाई नेमकी कुठे घासली जाते ते मी पेन्सिलने शिडावरच खुणा करून ठेवलं. शेडमध्ये बसून हे कधी कळलं नसतं. वारा भरलेलं शीड एका जागी राहतं. वारा पडला की ते जास्त झिजतं.

जैतापूरचं दीपगृह डावीकडे दिसलं तोवर वारा चांगलाच चढला होता. शीड एक टप्पा कमी केलं. विजयदुर्ग वाघोटण खाडीच्या मुखाशी, दक्षिण अंगाला पाण्यात घुसलेला आहे. मुखाशी वाळूचा दांडा नाही, म्हणून हे बंदर पूर्वापार आसऱ्याचं मानलं जातं. पण किल्ल्याला वळसा घालून आत वळलं की तटबंदी वारा अडवते. शीड लुळं पडतं आणि लगेच तटाच्या कडेवरून झोत येतो. समोर धक्क्याजवळ मासेमारीच्या बोटी दाटीने नांगरलेल्या. सुकाणू काकांकडे, नांगर खलाशाकडे, शिडाची दोरी माझ्याकडे. दोरी सोडली. शीड धक्के खात उतरलं आणि शेवटचा हातभर मला ओढून काढावा लागला. धक्क्यावरून एक आजोबा ओरडले, "इंजान नाय काय हो?" होतं, मागे टांगलेलं होतं. काकांना ते लावायचं नव्हतं.

याच पाण्यात फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रजांच्या वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या हल्ल्यात तुळाजी आंग्र्यांचं आरमार जळालं. एका जहाजाची आग शेजारच्यांना लागत गेली. दुसऱ्या दिवशी खाडीत आत आंग्र्यांची कातळात खोदलेली गोदी पाहिली. डागडुजीची जागा बंदरातच, वाऱ्याआड. आमचं दुरुस्तीचं दुकान मात्र घाटापलीकडे. फाटलेलं शीड विजयदुर्गहून धायरीला यायचं म्हणजे तळेरे, करूळ घाट, कोल्हापूर करत. उत्तरेकडे वाऱ्याविरुद्ध जाणं नको म्हणून आमची बोटही ट्रेलरवरून त्याच वाटेने परत आली.

तेव्हापासून प्रत्येक शिडाबरोबर आम्ही सुया, मेण लावलेला दोरा, चिकटणारं कापड आणि तळहातावर बांधायचं चामडं देतो. त्याचे वेगळे पैसे घेत नाही. पेन्सिलच्या खुणांच्या जागी आता जादा ठिगळ असतं. आणि शेडच्या अंगणात एक उंच पाइप रोवला आहे. गिऱ्हाइकाला द्यायच्या आधी प्रत्येक शीड त्यावर चढवायचं आणि दोरी सोडून द्यायची. ते हात न लावता तळापर्यंत आलं पाहिजे. अडकलं तर शीड पुन्हा मामांच्या टेबलावर. गिऱ्हाईक वेगाबद्दल विचारतं. मी आधी विचारतो की बंदरात शिरताना बोटीवर माणसं किती असतील.

धंद्याचं गणितही बरं जुळलं आहे. वैशाख-ज्येष्ठात राहुट्या, मग पावसाचं आणि गणपतीचं काम, आणि दसऱ्यानंतर समुद्र शांत झाला की शिडं. सध्या हर्णैच्या एका गृहस्थांचं शीड आखायला घेतलंय. त्यांना ते लाल हवंय. लाल कापड उन्हात लवकर विटतं हे मी सांगितलं, मामांनी सांगितलं, खडकवासल्याच्या काकांनीही फोन करून सांगितलं. त्यांना लालच हवंय.