सातपूरच्या लेथवर माझा यो-यो

काकांनी माझ्या यो-योचं ड्रॉइंग हातात घेतलं, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि पहिलाच प्रश्न विचारला, "मॅडम, टॉलरन्स कुठंय?"

माप किती कमी-जास्त चालेल, याचं माझ्याकडे उत्तर नव्हतं. यो-योच्या मधोमध जी खुंटी असते, जिच्यावर बेअरिंग बसतं, तिचं माप मी ६.३५ मिलिमीटर लिहिलं होतं. बेअरिंगचं भोक पाव इंचाचं, म्हणजे ६.३५, म्हणून खुंटीही ६.३५. कागदावर बरोबर. नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या त्या गाळ्यात तीस-पस्तीस वर्षं लेथ चालवणाऱ्या माणसाला मात्र ते माप अर्धवटच दिसलं.

मी शाळेत गणित शिकवते. चार वर्षांपूर्वी भाच्याच्या वाढदिवसाला अ‍ॅल्युमिनियमचा यो-यो मागवला आणि त्याला देण्याआधी सहज खेळून पाहिला. लहानपणचा प्लास्टिकचा यो-यो खाली जायचा आणि लगेच वर यायचा. हा खाली गेला आणि तिथेच फिरत राहिला. दोरी बेअरिंगवर असते, त्यामुळे यो-यो फिरतो आणि दोरी स्थिर राहते. परत बोलवायचा तर दोरीचा पदर मुद्दाम आत अडकवायचा, त्याला बाइंड म्हणतात. बेअरिंग नंतर आलं, पण दोरी आसाला न बांधता नुसती फासात अडकवायची पद्धत जुनी आहे. फिलिपिन्सहून कॅलिफोर्नियात गेलेल्या पेद्रो फ्लोरेस यांनी १९२८ मध्ये यो-योचा कारखाना काढला, त्यांचे यो-यो असेच होते. भाच्याला दुसरं काहीतरी घेतलं.

मग एक दिवस तो अ‍ॅल्युमिनियमचा यो-यो उघडला. दोन वाट्या, एक बेअरिंग, एम-४चा एक बिनडोक्याचा ग्रब स्क्रू आणि दोरी पकडणाऱ्या सिलिकॉनच्या दोन चकत्या, बस्स! एवढ्याशा गोष्टीत इतका फरक कुठून येतो, याचा विचार सुरू झाला आणि मी आलेखाच्या कागदावर अर्धा छेद काढायला बसले.

डिझाइनचं मर्म या अर्ध्या छेदात आहे. फ्यूजन या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ती रेघ काढायची, आसाभोवती फिरवायची आणि वजन वाचायचं. पण एकूण वजनापेक्षा ते कुठे ठेवलंय हे जास्त महत्त्वाचं. आसापासून १३ मिलिमीटरवरचा एक ग्रॅम २६ मिलिमीटरवर नेला, तर फिरण्याच्या जडत्वात त्याचा वाटा चौपट होतो, कारण अंतराचा वर्ग होतो. म्हणून मधला भाग कोरून पातळ करायचा आणि धातू कडेला ठेवायचा. मोह तिथेच होतो. माझं पहिलं डिझाइन ५८ मिलिमीटर व्यासाचं, ४८ रुंदीचं आणि ७१ ग्रॅमचं होतं, जवळजवळ सगळं वजन कडेला. स्क्रीनवर फार देखणं दिसत होतं. थ्रीडी प्रिंट काढून हातात धरलं तेव्हा कळलं की माझ्या मुठीत ते मावतच नाही. कड तळव्यात रुतत होती. वजनाचा अंदाज प्रिंटवरून येत नाही, पण हाताला काय टोचतंय ते शंभर रुपयांच्या प्लास्टिकमध्ये कळतं, आणि ही पायरी कोणी गाळू नये असं मला मनापासून वाटतं. चार प्रिंटनंतर ५५.५ बाय ४३ वर थांबले, वजन ६५ ग्रॅम. दोरी झेलायला सोपं जावं म्हणून आतला उतार सरळ, इंग्रजी व्हीसारखा ठेवला.

मग सातपूर. तीन ठिकाणी "दोन नगांसाठी सेटिंग परवडत नाही" ऐकलं. चौथ्या गाळ्यात हे काका भेटले. अ‍ॅल्युमिनियमचा, ६०६१ ग्रेडचा, ६० मिलिमीटर जाडीचा रॉड मीच आणून दिला. पंचवीस-पंचवीस मिलिमीटरचे दोन तुकडे, मिळून ३८० ग्रॅमच्या आसपास. त्यातले जेमतेम ६० ग्रॅम यो-यो म्हणून उरतात, बाकीचा चकचकीत कीस. लेथखाली त्याचा ढीग पडताना मी पाहत उभी होते आणि जीव तुटत होता.

पहिली जोडी तयार झाली, जोडली, मधल्या बोटात फास घालून खाली सोडली. फिरली, पण दोरीतून बोटापर्यंत घुर्र अशी थरथर येत होती. फिरत्या यो-योच्या कडेला नख हळूच टेकवलं की दोष किती ते समजतं. चांगल्या यो-योवर नख नुसतं घसरतं. माझ्या यो-योवर ते टकटकत होतं. स्क्रू बदलला, बेअरिंग उलटं केलं, एक वाटी थोडी फिरवून बसवली. थरथर तशीच. वर बेअरिंग एका खुंटीवर इतकं घट्ट बसलं की पकडीने ओढावं लागलं, आणि दुसऱ्या खुंटीवर सैल.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर थेट गाळ्यावर गेले. काकांनी एक वाटी खुंटीकडून पकडून, फिरताना ती किती डोलते ते मोजणारा डायल लावला. सुई आठ घरं हलली, म्हणजे ८० मायक्रॉन. कारणं दोन निघाली. आतली बाजू झाल्यावर वाटी उलटी करून साध्या जॉमध्ये, म्हणजे लेथच्या पकडीत, धरली होती, तिथे मध्य सरकला. आणि आटे हाताने पाडले होते, त्यामुळे आटे पाडणारा टॅप किंचित तिरका गेला होता. स्क्रू तिरका, तर दोन्ही वाट्या एकमेकींसमोर सरळ येणार कशा?

"ताई, तुम्ही माप द्या, मी जॉ बोअर करतो," काका म्हणाले. मॅडमची ताई केव्हा झाले ते लक्षातही आलं नाही. त्यांनी मऊ जॉ लावले आणि ते वाटीच्या बाहेरच्या व्यासाला मशीनवरच कापून घेतले, म्हणजे पकड आणि मध्य एकाच सेटिंगचे. टॅपही मशीनवरच, सरळ रेषेत. ड्रॉइंगवर मी लिहिलं: खुंटी ६.३३ ते ६.३४. अंगठ्याने दाबलं की बेअरिंग बसावं, बोटांनी ओढलं की निघावं. पुढे अ‍ॅनोडायझिंग, म्हणजे धातूवर रंगीत थर चढवणं, करायचं झालं तर तो थर खुंटीवरही चढतो, म्हणून तेव्हा हे माप आणखी कमी करावं लागेल. ही जोडी मी बिनरंगाचीच ठेवली आहे.

सिलिकॉनच्या चकत्या मागवल्या नाहीत. गॅरेजवाले गॅस्केटला लावतात तो लाल आरटीव्ही सिलिकॉन द्वारका चौकाजवळच्या एका दुकानातून आणला, खाचेत भरला, जुन्या कार्डाने सपाट केला आणि रात्रभर वाळू दिला. दोरी शिलाईच्या पॉलिस्टर धाग्याची, गच्चीच्या दाराला अडकवून ड्रिलने पीळ दिलेली. संक्रांतीच्या आधी दादा आणि मी पतंगाच्या मांजाची आसारी, म्हणजे फिरकी, भरायचो त्याच गच्चीवर.

दुसरी जोडी घेऊन रविवारी गाळ्यावर गेले. काकांसमोर खाली सोडला. आवाज जवळजवळ नाही, फक्त बेअरिंगची बारीक सळसळ. मग त्यांच्या बोटात फास अडकवला, बाइंड कसा घालायचा ते दाखवलं. तिसऱ्या प्रयत्नात यो-यो चटकन त्यांच्या मुठीत आला. पुन्हा खाली सोडून त्यांनी कडेला नख टेकवलं, मान तिरकी करून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

"आहे अजून थोडं," ते म्हणाले. "डाव्या वाटीत. पुढच्या वेळी जॉ परत बोअर करून घेऊ."