अबोलीच्या उंचीवरून

सांगलीहून फोंड्याला राहायला आले, तेव्हा तिकडून सगळ्यांचा एकच प्रश्न होता: व्हीलचेअरवरून गोव्यात बघणार काय? किनाऱ्यावरच्या मऊ वाळूत चाकं रुततात, हे खरंच. पण मला इथं फुलं भेटली आणि त्यांचे फोटो काढण्यात मी पुरती रमले.

अबोलीचंच बघा. झुडूप जेमतेम कमरेएवढं. उभ्या माणसाला वरून नुसता केशरी रंग दिसतो. खुर्चीत बसलं की तुरा थेट डोळ्यांसमोर येतो. हिरवं कणीस, त्यातून खालून वर क्रमानं उमलणारी फुलं आणि एकाच बाजूला पंख्यासारख्या पसरलेल्या पाकळ्या! चाकांचे ब्रेक लावायचे, दोन्ही कोपरं खुर्चीच्या हातांवर टेकवायची, की कॅमेरा हलत नाही. वारा मात्र ऐकत नाही. तो पडेपर्यंत थांबायचं, आणि मला थांबायला फार आवडतं.

पावसाळ्यात तर चंगळ. ढगाळ उजेडात सावल्या मऊ होतात, पांढरी फुलं फटफटीत येत नाहीत. म्हार्दोळला म्हाळसेच्या देवळाजवळ जायांच्या माळा मिळतात. जायो म्हणजे आपली जाई. केळीच्या दोरात गुंफलेल्या त्या कळ्या मी टिपत होते, तर माळा विकणारी मावशी म्हणाली, “बाय, लागीं यो” (जवळ ये), आणि तिनं टोपलीच माझ्या मांडीवर ठेवली. असा फोटो उभ्यानं कुणाला मिळाला असता?

कुंपणावर कळलावीही फुलते. पाकळ्या मागं वळलेल्या, टोकाला लाल, बुडाशी पिवळ्या. मुळापासून सगळी विषारी आहे, तेव्हा मुलांना हात लावू देऊ नका.

जानेवारी २०२३ मध्ये पणजीत अपंगांसाठी पहिला पर्पल फेस्ट झाला. तसा विचार वर्षभर व्हावा, प्रत्येक बागेला रॅम्प असावा, असं मला मनापासून वाटतं.

आता वाट बघतेय सुरंगीची. फेब्रुवारी-मार्चमध्ये तिच्या कळ्या जुन्या फांद्यांना अगदी चिकटून येतात आणि वळेसारासाठी, म्हणजे गजऱ्यासाठी, उमलायच्या आत काढाव्या लागतात. झाडापर्यंतची वाट जांभ्या दगडांची, खाचखळग्यांची. शेजारच्या काकांनी फळ्या टाकून द्यायचं कबूल केलंय. तेव्हा कुणी येणार असाल तर आधी कळवा, उजाडायच्या आत निघावं लागेल.