वाय दाबलं आणि विसरलो

लंडनच्या एक ताई ऑनलाइन हार्मोनियम शिकवतात. महिन्याची फी बारा पौंड, आणि ती मागायला दर एक तारखेला एकेकाला व्हॉट्सअ‍ॅप. त्यांचं वेब अ‍ॅप लाराव्हेल या पीएचपी फ्रेमवर्कवरचं, म्हणून मीच म्हटलं, "ताई, स्पार्क घ्या, लाराव्हेलचंच वर्गणी घ्यायचं तयार पॅकेज. लायसन्सला पैसे पडतील, पण कार्डाने पैसे घेणाऱ्या स्ट्राइपची जोडणी, पावत्या, प्लॅन बदलणं, सगळं आयतं मिळेल." त्यांनी लायसन्स घेऊन त्याची की पाठवली.

लॅपटॉपवर काम सुरळीत झालं. कंपोझर म्हणजे पीएचपीची पॅकेजं आणणारं टूल; त्याच्या फाइलीत स्पार्कची रिपॉझिटरी जोडली, रिक्वायर मारलं. टर्मिनलने यूजरनेम मागितलं, ताईंचा ईमेल दिला. पासवर्ड मागितला, लायसन्स की पेस्ट केली. हे ऑथ डॉट जेसन या फाइलीत साठवून ठेवू का, असं त्याने विचारलं. मी वाय दाबलं आणि विसरलो. मग इन्स्टॉल, मायग्रेट (डेटाबेसची टेबलं), कॉन्फिगमध्ये प्लॅन, आणि स्ट्राइपचं चाचणीपुरतं ४२४२चं कार्ड लगेच पास.

शनिवारी संध्याकाळी सर्व्हरवर डिप्लॉय केलं तर कंपोझरचं ४०१, म्हणजे ओळख पटली नाही. अर्धा तास मी कीलाच दोष देत बसलो. स्पेस आली का, अक्षर गळलं का, सगळं तपासलं. मग ते वाय आठवलं. साठवलेली की प्रोजेक्टमध्ये नव्हतीच, माझ्या लॅपटॉपच्या होम फोल्डरमध्ये होती. (कोडबरोबर गिटमध्ये गेली नव्हती, तेवढं नशीब.) सर्व्हरवर कंपोझर कॉन्फिगने ती दिली आणि गाडी पुढे सरकली.

मग ताईंनी हौसेने स्वतःचंच कार्ड वापरलं. दोन मिनिटांत फोन. "अरे, पैसे गेले, पण पान अजून प्लॅन निवडा म्हणतंय!"

स्ट्राइपच्या डॅशबोर्डवर पेमेंट हिरवं, खाली वेबहुक लाल. ४०३, म्हणजे माझ्या सर्व्हरने नाकारलं. पैसे आले ही खबर स्ट्राइप वेबहुकने, म्हणजे सर्व्हरला आपोआप संदेश पाठवून देतं, तेव्हा कुठे सबस्क्रिप्शनची नोंद होते. ती खबर सहीनिशी येते, आणि सही जुळेना. कारण लॅपटॉपवर स्ट्राइपच्या सीएलआयने (टर्मिनलवरच्या टूलने) दिलेलं, सही तपासायचं सीक्रेट मी एन्व्ह या सेटिंग्जच्या फाइलीसकट सर्व्हरवर चढवलं होतं. एपीआय कीज आठवणीने लाइव्हच्या घातल्या, हे एक राहिलं. डॅशबोर्डवरच्या एंडपॉइंटचं, म्हणजे खबर जिथे येते त्या पत्त्याचं, सीक्रेट वेगळं असतं. मी गप्प बसलो असतो तर स्ट्राइपने तीन दिवस दार ठोठावलं असतं आणि माझ्या सर्व्हरने दर वेळी हाकलून दिलं असतं.

सीक्रेट बदललं. तरी ४०३! कॉन्फिग कॅश केलेलं होतं, म्हणजे सर्व्हर जुनीच प्रत वाचत होता; ते पुन्हा करायला हवं होतं. ते करून तीच खबर (इव्हेंट) रीसेंड केली. २००, म्हणजे पोचली.

"आलं बघ!" ताई म्हणाल्या. "आता माझेच बारा पौंड मला परत कसे मिळतील?"

रिफंडचं बटण दाखवलं. रिफंड केला तरी स्ट्राइपने कापलेली फी परत येत नाही, हे मात्र सोमवारी सांगायचं ठरवलं.