न थांबणारा बीप : बीबीसी मायक्रोचा बोर्ड जिवंत करताना

मी आठवीत असताना आमच्या शाळेत एक संगणक आला. भारत सरकारने १९८४ साली शाळांसाठी 'क्लास' नावाचा संगणक साक्षरता प्रकल्प सुरू केला होता, त्यातला तो बीबीसी मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनवलेला, बदामी रंगाचा, काळ्या बटणांच्या वर लाल-नारिंगी बटणांची एक ओळ असलेला. आठवड्याला एकेकाच्या वाट्याला दहा मिनिटं यायची. चालू केला की आधी जाड आवाजात 'बू' आणि लगेच बारीक 'बीप', असे दोन सूर वाजायचे. ते सूर वाजले की वर्ग एकदम शांत व्हायचा. मी लिहिलेला एक प्रोग्रॅम सरांनी कॅसेटवर भरून दिला होता. ती कॅसेट अजून माझ्याकडे आहे.

म्हणून पुण्याच्या जुन्या बाजारात एका रविवारी ताडपत्रीवर तो बदामी डबा दिसला तेव्हा माझे पाय तिथंच थांबले. विकणारा म्हणाला, "साहेब, कीबोर्ड आहे, नुसता कीबोर्ड. वजनावर घ्या." मी भाव केला नाही.

घरी आणला आणि प्लग लावायचा मोह आवरला. जुनं यंत्र हातात आलं की सगळ्यात जास्त नुकसान त्या पहिल्या पाच मिनिटांत होतं असं माझं ठाम मत आहे. आधी पॉवर सप्लाय उघडला. मेन्सच्या बाजूला मेटलाइज्ड कागदाचे दोन कपॅसिटर होते. त्यांच्या पारदर्शक कवचाला केसासारख्या भेगा पडल्या होत्या. भेगांतून हवेतली ओल आत जाते, कागद ती शोषतो, आणि २३० व्होल्ट मिळाले की कपॅसिटर धूर ओकतो. दोन्ही काढून त्याच मूल्याचे, मेन्सवर लावण्यासाठीच्या एक्स-२ दर्जाचे नवे लावले. सप्लाय स्विचिंग प्रकारचा, म्हणजे रिकामा चालवून भरवशाने तपासता न येणारा, असल्यामुळे बोर्डाऐवजी मोटारीचा १२ व्होल्टचा बल्ब लोड म्हणून जोडून तपासला. ५.०४ व्होल्ट, स्थिर. (हे काम करताना मोठ्या कपॅसिटरमध्ये उरलेला विजेचा दाब आधी उतरवायचा. प्लग काढला म्हणजे भीती गेली असं नाही.)

बोर्डावर धूळ, मुंग्यांची माती आणि चिपांचे काळे पडलेले पाय. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रशने दोन संध्याकाळी साफ केला. सॉकेटमधल्या चिपा एकेक करून काढल्या, पाय घासून परत बसवल्या. मग चालू केला.

एकच सूर. सलग, न थांबणारा. पडदा काळा.

बीबीसी मायक्रोच्या बाबतीत या आवाजाला नेमका अर्थ आहे. वीज मिळाली की त्याची ध्वनीची चिप, एसएन७६४८९, आपणहून वाजू लागते. रॉममधली, म्हणजे कायमच्या स्मृतीतली, ऑपरेटिंग सिस्टिम सुरू होऊन तिला गप्प करते आणि मग दुसरा, बारीक सूर वाजवते. सूर थांबत नाही याचा अर्थ सिस्टिम तिथवर पोचतच नाही. कुठं अडते ते मात्र यातून कळत नाही.

इथं मी चूक केली. अशा यंत्रात रॅम, म्हणजे कामापुरती तात्पुरती स्मृती, बिघडते हे सगळ्यांना माहीत असतं, मलाही होतं. मॉडेल बी मध्ये ३२ केबी रॅम आहे, ती प्रत्येकी १६ किलोबिटच्या १६ चिपांची. एक चिप जरा जास्त गरम लागली. तेवढ्या पुराव्यावर तिला गुन्हेगार ठरवलं, वितळलेलं सोल्डर ओढून घेणारा पंप घेतला आणि काढली. निघताना खालचा तांब्याचा एक पॅड तिच्याबरोबर उपटून आला. चाळीस वर्षं टिकलेलं तांबं माझ्या घाईनं गेलं, याचं खरंच वाईट वाटलं. बारीक वायर-रॅपची तार घेऊन तो मार्ग जोडला, सॉकेट लावलं, नवी चिप बसवली. सूर तोच.

त्यानंतर ठरवलं की मोजल्याशिवाय कशालाही हात लावायचा नाही. विजेचे सिग्नल रेषांत दाखवणारा, सेकंड हँड दोन चॅनलचा ऑसिलोस्कोप टेबलावर आणला. ६५०२ प्रोसेसरच्या पिन ८ वर पाच व्होल्ट, पिन ४० वरचा रीसेट व्यवस्थित वर जातोय, पिन ३७ वर २ मेगाहर्ट्झचं घड्याळ (क्लॉक). पुढे ६८४५ ही चिप. हा पडद्याचा नियंत्रक आहे, पण बीबीसीमध्ये पडद्यासाठी रॅम वाचता वाचता तिला ताजं ठेवण्याचं कामही त्याच्या पत्त्यांवरच होतं. तो बंद पडला तर चांगली रॅमसुद्धा विसराळू होते. तो ठीक होता.

मग नॉप टेस्ट केली. या छंदातली ही मला सगळ्यात सुंदर वाटणारी गोष्ट. ६५०२ ला 'काही करू नकोस, पुढे चल' सांगणारी सूचना म्हणजे नॉप. तिचा आकडा सोळाच्या पद्धतीत (हेक्समध्ये) ईए, बिटांत १११०१०१०. चाळीस पायांचं एक जादा सॉकेट घेतलं, त्याचे डेटाचे आठ पाय, २६ ते ३३, बाहेर वाकवले. त्यातले २९, ३१ आणि ३३ ग्राउंडला, म्हणजे शून्य व्होल्टला, आणि बाकीचे पाच रेझिस्टरमधून पाच व्होल्टला जोडले. वर प्रोसेसर बसवला. आता तो बोर्डाकडून काहीच वाचत नाही. जिकडे पाहील तिकडे त्याला ईएच दिसतं. सुरू झाल्यावर कुठून धावायचं हा पत्तासुद्धा तो ईएईए असाच वाचतो, आणि तिथून सगळ्या ६५,५३६ पत्त्यांवरून एकामागून एक फिरत राहतो. कोणतं सॉफ्टवेअर नाही, कुठं अडण्याचं कारण नाही.

एका नॉपला क्लॉकचे दोन ठोके लागतात, त्यामुळे पत्त्याच्या पहिल्या तारेवर ५०० किलोहर्ट्झ दिसायला हवेत, दुसरीवर निम्मे, तिसरीवर त्याच्या निम्मे. तसेच दिसले. शेवटच्या, सोळाव्या तारेवर सेकंदाला पंधराच्या आसपास झोके, डोळ्यांना चक्क लुकलुकताना दिसणारे. प्रोसेसर निरोगी होता. पत्त्यांच्या तारा निरोगी होत्या.

आता ही सोळावी तार स्कोपच्या एका चॅनलला लावली. ती खाली असते तेव्हा प्रोसेसर पत्त्यांच्या रॅमवाल्या अर्ध्या भागातून जात असतो, वर असते तेव्हा मुख्यतः रॉमच्या. दुसरा चॅनल बोर्डाच्या डेटा तारांवर एकेक करून फिरवला. सात तारा दोन्ही भागांत नीट वर-खाली होत होत्या. आठवी रॉमच्या भागात झकास चालायची, आणि रॅमचा भाग आला की दीड व्होल्टच्या आसपास लोंबकळायची. धड शून्य नाही, धड एक नाही. तिला कोणी ओढतच नव्हतं.

रॅमची डेटा तार आणि प्रोसेसरची डेटा तार यांच्या मध्ये एक बफर आहे, ७४एलएस२४५, वीस पायांची साधी चिप. रॅमच्या बाजूला तिच्या पायावर त्या बिटाचा खणखणीत सिग्नल येत होता. प्रोसेसरच्या बाजूला काही नाही. म्हणजे रॅम पहिल्यापासून खरं बोलत होती, निरोप पोचवणारा एक जण मुका झाला होता. सिस्टिम रॉममधून सुरू व्हायची, परत कुठं यायचं तो पत्ता रॅममधल्या स्टॅकवर (त्यासाठी राखलेल्या जागेत) ठेवायची, आणि परत वाचताना एक बिट चुकलेला पत्ता घेऊन भरकटायची. म्हणूनच सगळी लक्षणं रॅमसारखी होती. मी खुर्चीवरून उठलो आणि बायकोला हाक मारून त्या दोन रेषा दाखवल्या. "एक चालतीये, एक नाही, एवढं कळतंय मला," ती म्हणाली. तेवढंच कळायचं होतं.

तापकीर गल्लीत ती चिप तीस रुपयांना मिळाली. या वेळी पंप वापरला नाही. जुन्या चिपेचे वीसही पाय बारीक कटरनं कापले, धड उचलून टाकलं, मग एकेक पाय गरम करून चिमट्यानं ओढला. चिप वाचवायची की बोर्ड, यात बोर्डच निवडावा. तीस रुपयांची चिप आज बाजारात मिळते, तो बोर्ड परत कोणी छापणार नाही. सॉकेट, नवी चिप, भिंगातून सोल्डरचा प्रत्येक डाग तपासला, शेजारच्या पायांत शॉर्ट नाही हे मीटरनं पाहिलं. नॉपचं सॉकेट काढून प्रोसेसर जागेवर ठेवला.

बू. बीप.

पडद्यावर काळ्यावर पांढऱ्यात 'बीबीसी कॉम्प्युटर ३२के', खाली 'बेसिक', त्याखाली वाट पाहणारी खूण. ही बेसिक प्रोग्रॅमिंगची भाषा सोफी विल्सन यांनी लिहिलेली. त्या आणि हार्डवेअर करणारे स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे एकॉर्नमध्ये एआरएम प्रोसेसरचा आराखडा केला, ज्याचे वंशज आपल्या मोबाईलमध्ये आहेत. १९८५ साली पहिली एआरएम चिप चालली तीसुद्धा एका बीबीसी मायक्रोला जोडून. पण त्या क्षणी यातलं काही डोक्यात नव्हतं. मी हात पुसले आणि दहा नंबरच्या ओळीवर स्वतःचं नाव छापायचा प्रोग्रॅम लिहिला. शाळेत सगळ्यांनी तोच आधी लिहिला होता.

पाच बटणं उमटत नव्हती, ती साफ केल्यावर चालू झाली. मग कपाटातली कॅसेट काढली. टेपरेकॉर्डर जोडला, लोडचा हुकूम दिला, १२०० बॉडचा तो चिरका आवाज खोलीत घुमला आणि पडद्यावर माझ्या प्रोग्रॅमचं नाव उमटलं, मीच दिलेलं, स्पेलिंगच्या चुकीसकट. दोन ब्लॉक वाचले गेले. तिसऱ्याला 'डेटा?' आणि खाली 'रिवाइंड टेप'.

टेपच्या हेडचा कोन जरा सरकलाय असं वाटतं. त्याच्या शेजारचा छोटा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवून पाहतोय. काल रात्री तिसरा ब्लॉक आला. एकूण सहा आहेत.