सॅकमधला चाकू आणि कलम ३७

मागच्या महिन्यात कोथळीगडावरून परत येत होतो, कर्जत लोकलने उतरलो आणि पुढे घरी जायला मेट्रो पकडायची म्हणून सॅक स्कॅनरच्या पट्ट्यावर टाकली, तर ती पुढे जाऊन परत मागे आली. "दादा, आत चाकू आहे का?" म्हटलं हो आहे, तळाशी आहे. मग तिथेच सगळं बाहेर काढलं, घामट टीशर्ट, सॉक्स, रिकामा डबा आणि सगळ्यात खाली माझा लाल मुठीचा घडीचा चाकू. पातं उघडायला नख घालायची जी खाच असते ना त्यात काकडीची एक बी वाळून चिकटलेली. सिक्युरिटीवाला बिचारा नीट बोलला, म्हणाला हा आत नेता येत नाही, इथे सोडा नाहीतर रिक्षाने जा. मी रिक्षाने गेलो. बारा वर्षं सोबत असलेली वस्तू अशी सोडवत नाही.

पण घरी आल्यावर डोक्यात तेच, की मेट्रोचं सोडा, मुळात मुंबईत असा चाकू खिशात घेऊन फिरणं कायद्यात बसतं का? आणि त्याच आठवड्यात साताऱ्याहून नोकरीसाठी आलेल्या भाच्याचा फोन, "मामा, नाईट शिफ्ट आहे, सेफ्टीसाठी ऑनलाइन एक चाकू मागवलाय, बटन दाबलं की उघडतो." ते ऐकून मला खरंच काळजी वाटली आणि मी बसून कायदा वाचून काढला.

ट्रेकच्या ग्रुपवर सगळे छातीठोकपणे सांगतात की ९ इंचाच्या आत पातं असेल तर काही प्रॉब्लेम नाही. हे अर्धंच खरं आहे. हत्यार कायदा १९५९ चा, त्याचे आत्ताचे नियम २०१६ चे, आणि त्यात तलवारी, खंजीर, सुऱ्यांच्या यादीत ९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं धरलीयत, घरगुती, शेती, शास्त्रीय आणि औद्योगिक कामाची सोडून. माझ्या चाकूचं पातं पट्टीने मोजलं, अडीच इंच. म्हणजे तिथे विषय संपला असं वाटतं.

पण मुंबईत खरा विषय तिथे नाहीच. पेपरात चाकू-कोयत्यासकट कोणाला पकडल्याची बातमी नीट वाचा, शेवटी हमखास लिहिलेलं असतं "हत्यार कायदा कलम ४, २५ सह महाराष्ट्र पोलीस अधिनियम कलम ३७(१), १३५". तो ३७(१) महत्त्वाचा. शांतता राखायला गरज वाटली की शहरात पोलीस आयुक्त आणि जिल्ह्यात जिल्हा दंडाधिकारी ठरावीक दिवसांसाठी आदेश काढू शकतात, की हत्यारं, तलवारी, भाले, सोटे, चाकू, काठ्या आणि शारीरिक इजा करता येईल अशी कुठलीही वस्तू जवळ बाळगायची नाही. त्या कलमात इंच नाहीत, सेंटीमीटर नाहीत, नुसतं "चाकू" आहे. असा आदेश लागू असताना मोडला तर १३५ खाली १ वर्षापर्यंत कैद आणि दंड, आणि कोर्टाने कारण लिहून दिल्याशिवाय ४ महिन्यांपेक्षा कमी नाही. सणवार, निवडणुका, मोर्चे म्हणजे असे आदेश निघतातच, एक संपला की दुसरा, आणि साध्या माणसाला त्याचा पत्ताच नसतो.

दिल्लीत आणखी वेगळं. तिथे बटनाचे, गरारीचे (दातेरी खाचांवर करकरत उघडणारे), खटक्याचे चाकू ७.६२ सेंमी लांब आणि १.७२ सेंमी रुंद किंवा त्याहून मोठे असतील तर ते जवळ बाळगण्याविरुद्ध १९८० पासून वेगळी अधिसूचना, म्हणजे सरकारी आदेश आहे. म्हणजे भाच्याने मागवला तसला माल ऑनलाइन सहज मिळतो, कुरियरवाला दारात आणून देतो, पण मिळतो म्हणजे बाळगायला चालतो असं अजिबात नाही.

आणि मला सगळ्यात जास्त जे सांगायचंय ते हे, की चाकू कशासाठी ठेवलाय या प्रश्नाला "सेफ्टीसाठी" हे उत्तर देऊ नका, म्हणजे त्यासाठी ठेवूच नका. काकडी कापायचा चाकू हा घरातली वस्तू आहे, पण सेफ्टीसाठी म्हटलं की तुम्हीच तुमच्या तोंडाने त्याला हत्यार म्हणालात. आणि रात्री दोन वाजता कोणी अंगावर आलं तर तेवीस वर्षांच्या पोराच्या हातातला चाकू त्याच्यावरच उलटायला किती वेळ लागतो? भाच्याला मी एवढंच म्हटलं की पळ, ओरड, ११२ लाव, फोन गेला तर मी नवीन घेऊन देतो. थोडा वेळ रागावला माझ्यावर, पण ऐकलं त्याने, पार्सल न फोडताच परत पाठवलं.

माझा चाकू मी टाकून दिलेला नाही. ट्रेक नसेल तेव्हा तो स्वयंपाकघरात, अडकित्त्याशेजारी. ट्रेकला निघायच्या आदल्या रात्री पोलिसांचा चालू आदेश शोधून वाचतो, नेमक्या तारखा बघतो आणि त्यात चाकू असेल तर सरळ घरी ठेवतो, काकडी दाताने तोडायची. नेला तर धुऊन पुसून, फडक्यात गुंडाळून, भांड्यांच्या पिशवीत सॅकच्या तळाशी, खिशात किंवा कमरेला कधीच नाही, आणि त्या दिवशी मेट्रो नाही.

एक मात्र मनापासून वाटतं, हे आदेश मराठीत, मोठ्या अक्षरात, तारखांसकट प्रत्येक स्टेशनच्या तिकीट खिडकीजवळ लावायला हवेत. मी बारा वर्षं चाकू घेऊन याच स्टेशनांवरून ये-जा करतोय आणि असा एकही कागद भिंतीवर बघितलेला मला आठवत नाही. तुमच्या स्टेशनवर दिसला असेल तर कुठे ते नक्की कळवा.